वाहनामुळे अडथळा

“लोखंड असेल ते सगळं बाहेर ठेव आणि मग आत ये. आत आलीस की घाई करायची नाही.” काम शिकवणाऱ्या आजरेकर सरांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण निरीक्षणाच्या खोलीचा उंबरा आला की त्यांचा तो बसका, थोडासा कंटाळलेला आवाज प्रियदर्शनीच्या कानाशी येऊन उभा राहायचाच. उंबऱ्याबाहेर एक लाकडी फळी होती. तिच्यावर ती केसांतल्या पिना काढून ठेवायची, पदराची सेफ्टी पिन, किल्ल्या, घड्याळ, मोबाइल. कामाचे ब्लाउज तिने हुकांऐवजी कापडी बंदांचे शिवून घेतले होते. शिवणारी बाई हसली होती, म्हणाली, काय वैनी, लहान बाळाची झबली घालून नोकरीला जाता व्हय. खोलीला लोखंडाचा एक खिळा नव्हता. बिजागऱ्या पितळी, खिळे तांब्याचे, भिंतींचा दगडसुद्धा आधी पारखून घेतलेला. मधोमध दगडी खांब, त्याच्यावर दुर्बीण, आणि त्या दुर्बिणीशी डोळा लावून पृथ्वीचं चुंबकत्व आज कुठल्या दिशेला किती ओढतं आहे ते हातानं मोजायचं. पलीकडे जमिनीत अर्धी पुरलेली दुसरी खोली होती. तिच्यातलं यंत्र तेच मोजमाप क्षणाक्षणाला आपलं आपण करत बसे आणि कचेरीतल्या पडद्यावर त्याची रेघ उमटत राही. पण यंत्रही हळूहळू सरकतं, स्वतःवरच विश्वासून बसतं. म्हणून आठवड्यातून दोनदा माणसानं आत जाऊन त्याला ताळ्यावर आणायचं. नोकरीला लागली तेव्हा प्रियदर्शनीला यातलं काहीच परकं वाटलं नव्हतं. अंगावरचं उतरवून, हलक्या पावलांनी, मनात दुसरं काही न आणता आत जाणं तिला लहानपणापासून येतच होतं. पहाटे देवापुढे, सकाळी इथे. हातांना दोन्ही ठिकाणी एकच वळण होतं.

त्या दिवशी वाचनं घेऊन ती बाहेर आली, पिना तोंडात धरून अंबाडा आवळत होती, तेवढ्यात फळीवरचा मोबाइल थरथरला. अंतरा होती. मुंबईच्या मुख्य कचेरीत नवीन लागलेली मुलगी. देशभरच्या केंद्रांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून तपासायचं काम तिच्याकडं आलं होतं. गोड बोलायची. “मॅडम, एक छोटीशी शंका होती हो. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातला एक दिवस आहे. दुपारी तुमच्या रेघेत एक उडी दिसते. तुम्ही शेरा मारलाय, वाहनामुळे अडथळा, वगळावे. पण ती उडी बाकीच्या सगळ्या केंद्रांवर आहे मॅडम. त्याच क्षणी. ते वाहन नसणार, सूर्याकडून आलेला धक्का आहे.” प्रियदर्शनीनं तोंडातल्या पिना हातात घेतल्या. “कुठला दिवस म्हणालात?” तिनं विचारलं, आणि अंतरा तारीख सांगत असताना ती ऐकत नव्हती. त्या वर्षाची अंतिम नोंद या आठवड्यात जगाला द्यायची आहे, तेवढं बघून शेरा दुरुस्त करा, घाई नाही, पण उद्यापर्यंत, असं काहीसं अंतरा म्हणाली. “बघते,” ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण अजून उंबऱ्याशीच उभ्या आहोत, ऊन पायांवर आलंय, आणि पिना कुठे खोचायच्या ते हाताला आठवत नाही.

सूर्य शांत दिसतो तो दिसण्यापुरता. त्याच्यावरून सारखं वारं सुटलेलं असतं, आणि कधीतरी त्या वाऱ्याचा एखादा लोंढा येऊन पृथ्वीवर आदळतो. त्या क्षणी सगळ्या जगाचं चुंबकत्व किंचित दचकतं. कुणाला काही कळत नाही. म्हशी डुंबत राहतात, रंकाळ्यावर भेळ विकली जाते, शाळेची घंटा होते. फक्त माळावरच्या अशा खोल्यांमधली रेघ एकदम उडी घेते. केरबा, केंद्राचा राखणदार, शाळेची सहल आली की पोरांना आपल्या परीनं समजावून सांगायचा, “सूर्य शिंकला की हितं आपल्या मिशनीचं नाक व्हातंय. आन् शेजारनं टरक गेला तरी व्हातंयच. कुठली शिंक कुणाची ते वळखायचं, त्येच आमच्या बाईंचं काम.” पोरं हसायची, मास्तर हसायचे. पण काम खरोखर तेवढंच होतं. सूर्याचं असेल ते राखायचं, माणसाचं असेल ते काढून टाकायचं. मुंबईला कच्ची नोंद कुठेतरी पडून राहते म्हणतात, पण जगाला जाते ती साफ केलेली. तिच्यात माणूस कुठे दिसता कामा नये.

आणि माणूस म्हणजे बहुतेक वेळा राजवीर. तिचा एकुलता एक. कॉलेज सुटलं की तो घरून तिचा डबा घेऊन माळावर यायचा, आणि फाटकाबाहेर मोटरसायकल लावायची सोडून थेट आत, खोलीशेजारच्या निंबाच्या सावलीत आणून उभी करायचा. एवढं लोखंड तिथे येऊन थांबलं की रेघेला बारीकसा खळगा पडायचा. रेघ खाली बसायची, तो असेपर्यंत तशीच राहायची, तो गेला की पुन्हा वर यायची. “राजू, गाडी मागं घे, फाटकाबाहेर लाव,” ती रोज म्हणायची, आणि तो रोज म्हणायचा, “आख्ख्या पृथ्वीला माझ्या गाडीचं काय पडलंय गं?” “पृथ्वीला नाही, यंत्राला.” “मग यंत्राला सांग की, राजवीर आलाय म्हणून. एव्हाना वळखत असंल ते मला.” ती रागवायची, म्हणजे आवाज होता त्याहून आणखी खाली आणायची, याहून मोठं रागावणं तिला येत नव्हतं. पण संध्याकाळी दिवसाची रेघ बघायला बसली की तिचा डोळा आधी दुपारकडं जायचा. आज लवकर आला होता. आज बराच वेळ थांबला, केरबाशी टकळी चालली असणार. आज नुसता डबा टेकवून पळाला. खाली शेरा लिहिताना, वाहनामुळे अडथळा, वगळावे, तिला कधी वाईट वाटलं नाही. उद्या पुन्हा येणारच होता. काही खाली सांडलं की पुसून घ्यावं तसं ते पुसायचं होतं, सवडीनं, अंतिम नोंदीच्या वेळी.

मग तो श्रावणातला दिवस. ती आत होती. वाचन सुरू झालं की मध्ये थांबता येत नाही. थांबलं तर पहिल्यापासून. डोळा दुर्बिणीला, श्वाससुद्धा हलका घेतलेला, आणि फाटकाची साखळी वाजली. लांबवर रस्त्यानं एक गाडीही गुरगुरत गेली असावी, किंवा तिला तसं वाटलं असावं. तिनं डोळा न काढता झरोक्याच्या दिशेनं म्हटलं, “राजू, गाडी मागं घे. किती वेळा सांगायचं तुला.” बाहेरून उत्तर आलं नाही. थोड्या वेळानं साखळी पुन्हा वाजली. वाचनं संपवून ती बाहेर आली तेव्हा फाटकाच्या आकड्याला डबा अडकवलेला होता आणि माळावर कुणी नव्हतं. संध्याकाळी घरी गेली तर राजवीर चादर घेऊन पडला होता. नुसती कणकण आहे म्हणाला. रात्री ताप चढला, सकाळी त्याला ओळख राहिना, दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले ताप मेंदूत गेलाय. श्रावण सरायच्या आत सगळं आटोपलं.

दिवसकार्य झाल्यावर ती कामावर आली आणि डोक्यावरचा पदर खाली न घेता आधी ती दुपार उघडून बसली. निदान तेवढं तरी बघावं म्हणून. तो शेवटचा धडधाकट आला होता ते. पण तिथे खळगा नव्हता. रेघ उलटी वर गेली होती, आणि वरच राहिली होती, अर्धा तास तरी. मग हळूच उतरली होती. ती कितीतरी वेळ बघत बसली. आणि मग, आयुष्यभर हेच काम केलेल्या माणसाला कळावं तसं, तिला कळलं. लोखंड उत्तरेला असलं तर रेघ खाली जाते. तेच दुसऱ्या बाजूला नेलं तर वर येते. म्हणजे त्यानं ऐकलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तिचं ऐकलं होतं, निंबाखालून गाडी काढली होती, आणि खोलीच्या मागच्या अंगाला, भिंतीशी नेऊन लावली होती. आणि तिथे थांबला होता. अंगात ताप चढत असताना, भिंतीच्या पलीकडं, अर्धा तास. आई बाहेर येईल म्हणून. आणि ती आत होती, दुर्बीण उलटी फिरवून पुन्हा वाचन घेत होती, घाई न करता. शेवटी डबा अडकवून तो गेला होता. तिनं शेरा लिहिला, वाहनामुळे अडथळा, वगळावे. पुढची दोन वर्षं ती त्या अर्ध्या तासात राहिली. स्वयंपाक करताना, बसमध्ये, जपाची माळ ओढताना ती त्या खोलीतून उठायची, दार उघडायची, भिंतीला वळसा घालायची. कधी तो तिथे गाडीवर बसलेला असायचा, कधी भिंतीला टेकून. ती त्याच्या कपाळाला हात लावायची. हाताला चटका बसायचा. याच्यापुढं तिला कधी जाता आलं नाही.

नेम तेवढे चालू होते. ते सुटणारे नव्हतेच. पहाटेची पूजा, गुरुवारचा उपास, पौर्णिमेला नृसिंहवाडी. राजवीरच्या दहावीला तिनं साखर सोडली होती; त्याचा हात मोडला तेव्हा भात. त्याला चिडवायला हे एक निमित्तच होतं. “मला नुसती सर्दी झाली तर आई पाणी सोडायची,” म्हणून मित्रांना सांगायचा. दवाखान्यात, काचेच्या दाराबाहेर बसून तिनं दत्तमहाराजांना शब्द दिला होता, तो उठेपर्यंत मी अळणी जेवेन. तो उठला नाही. मग मीठ कधी घ्यायचं? त्या नवसाला शेवट ठेवायचं तिला सुचलंच नव्हतं. तो उठेपर्यंत, एवढंच ती म्हणाली होती. वाडीच्या पुजारीबुवांना विचारावं असं एकदा मनात आलं, पण ते सोड म्हणतील या भीतीनं तिनं विचारलं नाही. अळणी भाकरी तोंडात घोळायची आणि वाटायचं, एवढं चालू आहे तोवर काहीतरी अजून चालू आहे.

आणि आता ही मुलगी म्हणत होती, ते वाहन नाही.

कचेरीतल्या खुर्चीत ती येऊन बसली. मग अंतराला फोन लावून हळूच म्हणाली, त्या दिवसाची दुसऱ्या एखाद्या केंद्राची बारीक नोंद मला पाठवता का. अंतरानं लगेच पाठवली. करायचं काय ते अगदी सोपं होतं, रोजचंच. दोन ठिकाणच्या रेघा एकमेकींतून वजा करायच्या. सूर्याचं जे असेल ते दोन्हीकडं सारखं असतं, ते निघून जातं. उरतं ते फक्त इथलं, या माळावरचं. त्या दुपारी सूर्याचा धक्का आला असेल आणि राजवीरही आला असेल, तर धक्का वजा होऊन त्याची खूण खाली उरेल. नुसता धक्काच असेल तर काही उरणार नाही. एक बटण दाबायचं होतं. तिनं हात मांडीवर घेतला. तिला काय हवं आहे ते तिलाच कळेना. तो आला नव्हता असं निघालं तर तिनं त्याला घालवून दिलं नव्हतं, तो तिच्यासाठी भिंतीशी ताटकळला नव्हता, दोन वर्षं उरावर घेतलेला धोंडा आपोआप खाली येणार होता. पण मग तो अर्धा तासही जाणार होता. भिंतीपलीकडचा, तापलेल्या कपाळाचा का होईना, पण तिचा आणि त्याचा. मग त्याची आणि तिची शेवटची भेट कुठली? आदल्या दिवशीची? आदल्या दिवशी तो काय म्हणाला होता? डब्यात काय होतं? ती आठवायला लागली आणि सगळ्या दुपारी एकमेकींत मिसळून गेल्या, सगळ्या दुपारी निंब होता आणि तो म्हणत होता, वळखत असंल ते मला. तिनं डोळे मिटून महाराजांचं नाव घेतलं. मागायची तिला जन्माची सवय. काही ना काही हातात धरूनच ती देवासमोर उभी राहायची. आज हात रिकामे होते. काय मागावं ते सुचत नव्हतं. नुसतं नाव ओठांवर राहिलं.

तिनं बटण दाबलं. रेघ सरळ आली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं, सुईत ओवायला ताणून धरलेल्या दोऱ्यासारखी. दुपारच्या जागी काही नव्हतं. तिनं बोटानं त्या जागेवरून पडदा पुसला, धूळ असेल म्हणून. काही नव्हतं.

बाहेर केरबा झारीनं निंबाला पाणी घालत होता. “केरबा, त्या वर्षी श्रावणात, राजूचं झालं त्याच्या आदल्या आठवड्यात, दुपारी तुम्ही इथं होता का?” तिनं विचारलं. केरबानं झारी खाली ठेवली. राजवीरचं नाव निघालं की तो हातातलं खाली ठेवायचा. “न्हाय जी. भांगलणीला शाहूवाडीला गेलतो की मी. आलो तवा सगळं हून गेलतं.” पुढं काहीतरी बोलायला हवं असं त्याला वाटलं असावं, कारण तो म्हणाला, “लई वंगाळ झालं बगा,” आणि झारी उचलून पुन्हा त्याच झाडाला पाणी घालू लागला. डबा मात्र होता. डबा तिनं स्वतः आकड्यावरून काढला होता, नळाखाली धुतला होता. तो काही सूर्यानं आणला नव्हता.

तिनं शेरा खोडला, नवा लिहिला, नैसर्गिक, राखावे, आणि अंतराला कळवलं. अंतराचा आवाज मोकळा झाला. “थँक यू मॅडम. बरं झालं लगेच बघितलंत. आता तेवढे बाकीचे वाहनांचे अडथळे काढून टाकले की झालं. तुमचं केंद्र खरंच फार स्वच्छ आहे.” प्रियदर्शनी बरं म्हणाली.

तिचा नवरा उदयसिंह संध्याकाळी कामावरून आला तेव्हा ती भाकऱ्या थापत होती. उद्यमनगरात एका फाउंड्रीत तो साच्यांवर देखरेख करायचा; लोखंड वितळवून ओतायचं काम. लग्न झालं तेव्हा गल्लीत थट्टा व्हायची, नवरा लोखंडात न्हातो आणि बायकोला लोखंडाचा विटाळ. थट्टेपुरतं ते ठीक होतं, पण एकदा त्याच्या कपड्यांबरोबर तिची साडी धुतली गेली आणि तिच्या निऱ्यांत लोखंडाची भुकटी बसली. त्या दिवसाची वाचनं काही केल्या जुळेनात. आजरेकर सर बराच वेळ तिच्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, बाई, घरातनं काय घेऊन आलात? तेव्हापासून त्याचे कपडे वेगळे, बादली वेगळी, दोरी वेगळी. तो बायकोच्या कामाच्या जागी म्हणून जायचा नाही. “आपण अंगानंच लोखंड,” म्हणायचा, “बाहेर काय काय काढून ठेवू.” पूर्वी त्याचं बोलणं तीन घरं पलीकडं ऐकू जायचं. राजवीर गेल्यापासून तो घरात असला तरी नसल्यासारखा वाटे.

तो हातपाय धुऊन बसला. तिनं त्याचं ताट वाढलं, आपलं अळणी घेतलं, आणि बसल्या बसल्या, भाकरी न मोडता विचारलं, “त्या दिवशी माळावर डबा कुणी आणला होता?”

“कुठल्या दिवशी?”

“कुठल्या ते तुम्हाला माहीत आहे.”

उदयसिंहनं घास खाली ठेवला. आमटीची वाटी थोडी पलीकडं सरकवली, परत अलीकडं घेतली. “मी,” तो म्हणाला.

“तुम्ही? कसे आलात?”

“केएमटीच्या बसनं. फाट्यावर उतरून चालत. त्या दिवशी दुसरी पाळी हुती मला.” तो ताटाकडं बघत बोलत होता. “राजूला सकाळपास्नंच कणकण हुती. तू पूजेत हुतीस. मला म्हणाला, पप्पा, आज डबा तुम्ही न्या, आन् आईला सांगू नका. सांगितलं की ती काय तरी सोडणार खायचं. आधीच भात न्हाय, साखर न्हाय, वाळून चाललीया. उद्यापतूर बरा हुतोय मी, म्हणाला. मी म्हटलं बरं.”

प्रियदर्शनीनं भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला.

“फाटकाशी आलो, साखळी काढली, तर तू आतनं म्हणालीस, राजू, गाडी मागं घे. मी हुबाच. आता काय बोलायचं? बोललो असतो तर तू इचारलं असतंस, राजू का आला न्हाय. मला खोटं जमत न्हाय, तुला ठावं हाय. मग डबा अडकवला आन् आलो माघारी.” बाहेर कुणीतरी रिक्षा मागं घेत होतं, तिचं पिपाणीसारखं वाजणं चालू होतं. “डाक्टरला इचारलं मी नंतर. एक दिस आधी आणला असता तर? त्ये म्हणाले, सांगता येत न्हाय. न्हाय म्हणाले असते तरी चाललं असतं. व्हय म्हणाले असते तरी. सांगता येत न्हाय म्हणाले.”

“मला का नाही सांगितलंत?”

“त्याला शब्द दिलता की. आन् सांगून तुला काय सांगायचं? की तू उपास करतीस म्हणून पोरानं ताप लपिवला?” हे त्याच्या तोंडून निघालं आणि दोघंही ते शब्द जिथे पडले तिथे बघत राहिल्यासारखी बसली. त्यानं ते दोन वर्षं गिळून धरलं होतं. आता बाहेर पडलं तर आवाजही झाला नाही. तिला वाटत होतं आपल्याला रडू येईल. आलं नाही. साखर आठवली, भात आठवला, एकेक वस्तू ताटातून काढून तिनं देवापुढे ठेवली होती, आणि प्रत्येक वेळी पोरगं समोर बसून बघत होतं. तिला वाटायचं ते हसतंय. ते मोजत होतं. आईच्या ताटातलं आणखी किती कमी होतंय ते मोजत होतं. आता नवीन काही सोडावं म्हटलं तर हाताशी काही उरलं नव्हतं. आणि आहे ते धरावं तर कशासाठी. महाराजांवर तिला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, राग म्हणजे निदान बोलणं चालू आहे असं झालं असतं. तिला फक्त देवघरातली समई इथून फार लांब वाटली.

“मला वाटत होतं,” ती म्हणाली, “तो मागच्या भिंतीशी उभा होता. गाडी घेऊन. अर्धा तास. आणि मी बाहेर आले नाही.”

उदयसिंहनं मान वर केली. “कुणी सांगितलं तुला हे?”

“रेघेत तसं दिसत होतं.”

“दोन वरसं?”

“हो.”

त्याचा हात थोडासा उचलला गेला, पण दोघांच्या मध्ये ताटं होती. मग त्यानं वेगळंच विचारलं. “बाकीच्या दिवशी यायचा त्ये दिसतंय?”

“दिसतं.”

“समदं?”

“कधी आला, किती वेळ होता, कधी गेला. सगळं.”

“मला कधी बोलली न्हाईस.”

“ते सगळं काढून टाकायचं असतं,” ती म्हणाली. “अंतिम नोंदीत माणसाचं काही ठेवत नाहीत. उद्यापासून तेच करायचं आहे. एकेक दुपार घ्यायची आणि सरळ करायची.”

“तू करणार?”

“माझंच काम आहे ते.”

उदयसिंहनं घास पुन्हा उचलला, पण तोंडापर्यंत नेला नाही. “मला एक दाखीव,” तो म्हणाला. “काढून टाकायच्या आधी. एकच. कुठली बी.”

“दाखवते,” प्रियदर्शनी म्हणाली.

पहाटे तिनं पूजा केली. हात आपोआप चालले, फुलं वाहिली गेली, नाव मात्र ओठांवर आलं नाही. ती थोडा वेळ थांबून बघत बसली, येतंय का, मग उठली. बाहेर आली तर उदयसिंह आधीच तयार होऊन सोप्यावर बसला होता. अंगात लग्नाकार्याला घालायचा पांढरा सदरा होता, फाउंड्रीच्या कपड्यांबरोबर कधी न धुतलेला. आज कामाला दांडी का असं तिनं विचारलं नाही. बसमध्ये दोघं शेजारी बसली. शिंगणापूर मागे पडलं, उसाचे फड लागले, कंडक्टरनं ओळखीनं मान हलवली. फाट्यावर उतरली तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. माळाकडं जाणारा कच्चा रस्ता चढाचा होता आणि उदयसिंहला आता चढताना दम लागायचा, म्हणून ती हळू चालत होती. थोडं अंतर गेल्यावर त्यानं विचारलं, “कसं दिसतंय त्ये?”

“रेघ असते. तो आला की खाली जाते. तो आहे तोवर खालीच राहते.”

“आन् मग?”

“मग पहिल्यासारखी होते.”

“एवढंच?”

“एवढंच.”

तो गुडघ्यावर हात टेकून क्षणभर थांबला. ती त्याच्यासाठी थांबली. मग दोघं चढ चढू लागली.